दुबई ते टोकियो: जायला दहा तास, यायला सव्वाअकरा, असं का?

दुबई ते टोकियो अंतर किती, असं इंटरनेटवर विचारलं की लगेच उत्तर येतं: सुमारे ७,९५० किलोमीटर. लांब पल्ल्याचं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं हेही बहुतेकांना ठाऊक असतं. मग उरतो एक साधा भागाकार, आणि उत्तर येतं आठ तास पन्नास मिनिटं. आता तिकीट काढायला बसा. जाताना दहा तासांच्या आत-बाहेर आणि येताना अकरा, सव्वाअकरा, भर हिवाळ्यात कधी बाराच्या जवळपास. शहरं तीच, विमान तेच, अंतरही तेवढंच.

भागाकारात चूक नाही. गफलत त्याच्या आधीच झालेली असते. ७,९५० हा आकडा पृथ्वीचा आहे आणि ९०० हा विमानाचा. पण प्रवासाला लागणारा वेळ मुख्यतः तिसऱ्याच दोन गोष्टी ठरवतात, हवा आणि देशांच्या सीमा. आशियाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंतचा हा मार्ग त्यासाठी उत्तम नमुना आहे, कारण वाटेत या दोन्ही गोष्टी पुरेपूर भेटतात.

सुरुवात अंतरापासून करू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दुबई आणि टोकियो पट्टीने जोडलंत, तर रेघ जवळजवळ सरळ पूर्वेकडे जाते, किंचित वर चढत. ती राजस्थानवरून, दिल्लीच्या थोडं दक्षिणेकडून, नेपाळमधल्या अन्नपूर्णेच्या परिसरावरून आणि मग जवळपास ल्हासावरून जाते. दिसायला हाच सरळ रस्ता. पण तो सर्वांत जवळचा नाही. आपल्या भिंतीवर टांगलेले नकाशे बहुधा मर्केटर पद्धतीचे किंवा त्याच वळणाचे असतात. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये ही पद्धत आणली ती खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकलं तर नकाशावर सरळ रेघ उमटावी, एवढीच तिची अट होती. ती अट पाळण्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागले. दिशेची सोय झाली आणि अंतराचा बळी गेला.

खरं अंतर पाहायचं तर पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक दुबईवर, दुसरं टोकियोवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. इराणच्या आग्नेय कोपऱ्यावरून, अफगाणिस्तानच्या दक्षिण भागावरून, पाकिस्तानवरून तो श्रीनगरच्या जरा खालून काश्मीरमध्ये शिरतो. पुढे लडाख, काराकोरम, तिबेटच्या पठाराची उत्तर बाजू. चीनच्या इनर मंगोलियातल्या ऑर्डोस शहराजवळ तो सगळ्यात उत्तरेला पोहोचतो, ३९ अंशांच्याही वर. तिथून उतरायला लागून बीजिंगच्या पाऊणशे किलोमीटर दक्षिणेकडून, प्योंगयांगच्या खालून, दोन कोरियांच्या सीमेला तिरका छेद देत, जपानचा समुद्र ओलांडून टोकियो. नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा हा मार्ग साधारण २२० किलोमीटरने जवळचा आहे. म्हणजे विमानाची जवळपास पंधरा मिनिटं.

कारण रेखांशांमध्ये आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. दुबईच्या अक्षांशावर तोच अंश शंभराच्या आसपास येतो आणि ऑर्डोसजवळ ८६ वर. दुबईपासून टोकियोपर्यंत ८४ अंश पूर्वेकडे सरकायचंच आहे, तर ते जिथे अंश आखूड आहेत अशा वरच्या अंगाने ओलांडणं फायद्याचं. फार वर गेलात तर चढण्या-उतरण्यातच फायदा संपतो. या दोन्हींचा मेळ जिथे बसतो ती वाट दोरा स्वतःच शोधून देतो.

यातला मला सगळ्यात गमतीचा वाटणारा भाग परतीचा आहे. दुबई टोकियोपेक्षा दहा अंश दक्षिणेला आहे. तरीही टोकियोहून दुबईला सर्वांत जवळच्या वाटेने निघायचं तर विमानाचं नाक पश्चिमेच्याही १८ अंश उत्तरेकडे वळवावं लागतं. म्हणजे दक्षिणेकडच्या शहराला जाण्यासाठी आधी उत्तरेकडे तोंड! पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ करूनही आपल्या डोक्यात नकाशा सपाटच असतो, तो असा.

वेगवेगळ्या वेबसाइट हेच अंतर दहा-वीस किलोमीटरच्या फरकाने दाखवतात, त्याने गोंधळून जाऊ नका. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, तर कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी धरतं, जशी ती आहे. शिवाय टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता, आणि त्यांच्यात साठेक किलोमीटरचं अंतर आहे. आठ हजारांत एवढं इकडेतिकडे चालायचंच.

खरी अडचण पुढे आहे. हा सर्वांत जवळचा मार्ग इतका छान आखला, पण त्यावरून तंतोतंत कुणी उडत नाही.

पहिला अडथळा तिबेटचं पठार. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं आणि पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे, मग अडचण कसली, असं वाटेल. अडचण नेहमीच्या उड्डाणात नाही, बिघाडात आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे खाली पडतात. बहुतेक विमानांत तो ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटं पुरेल एवढाच असतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान तीन हजार मीटरच्या आसपास उतरवायचं, जिथे माणसाला मुखवट्याविना श्वास घेता येतो. पण खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल आणि भोवती सहा-सात हजारांची शिखरं असतील, तर उतरणार कुठे? म्हणून तिबेटवरून जाणाऱ्या मोजक्या मार्गांवर जायचं तर विमानात जादा ऑक्सिजन लागतो, आणि मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर 'इथे दाब गेला तर कुठल्या बाजूला निसटायचं' हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. बहुतेक कंपन्या हा खटाटोप टाळतात आणि पठाराला वळसा घालतात.

दुसरा अडथळा उत्तर कोरिया. तिथलं आकाश जगातल्या बहुतेक विमान कंपन्या टाळतात. आगाऊ सूचना न देता क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या देशावरून प्रवासी नेण्यात कुणालाच रस नाही. सुदैवाने इथे वळसा छोटा आहे. तो मार्ग उत्तर कोरियाच्या दक्षिण टोकालाच चाटून जातो. ऐंशी-शंभर किलोमीटर खाली सरकलं की सोलच्या बाजूने निभावतं.

तिसरा अडथळा मात्र दर महिन्याला बदलू शकतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे. त्यामुळे कुणाच्याही डोक्यावरून जायचं तर परवानगी हवी, आणि वरून जाण्याचं शुल्कही भरावं लागतं. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि अफगाणिस्तानच्या आकाशातली हवाई वाहतूक नियंत्रणाची व्यवस्था कोलमडली. कंपन्यांनी रातोरात मार्ग बदलले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्णपणे खुलं व्हायला जुलै उजाडला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आणि लगेच भारताने पाकिस्तानी कंपन्यांना आकाश बंद केलं. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचं आकाश मिटलं. वर दोऱ्याने दाखवलेली वाट पुन्हा एकदा वाचा. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, काश्मीर. ही सगळी नावं तिच्या पहिल्या तृतीयांशातच आहेत.

चीनमध्ये शिरल्यावर वेगळाच प्रकार. तिथलं बरंचसं आकाश लष्कराच्या ताब्यात आहे आणि प्रवासी विमानांना ठरवून दिलेल्या पट्ट्यांमधूनच जावं लागतं. वाटेत वादळ लागलं तरी हवं तसं बाजूला होता येत नाही.

मग विमान जातं कुठून? ढोबळमानाने दोन पर्याय. एक, पठाराला उत्तरेकडून वळसा: मध्य आशियावरून चीनच्या शिंजियांगमध्ये उरुमचीच्या बाजूने आणि पुढे पूर्वेकडे. दुसरा, दक्षिणेकडून: भारत, बांगलादेश, म्यानमार, मग चीनमधलं कुनमिंग आणि पुढे टोकियो. कागदावर हिशेब करून पाहिला तर उरुमचीवरून गेल्याने अंतर फक्त ११० किलोमीटरने वाढतं, आणि कुनमिंगवरून गेल्याने सव्वापाचशे किलोमीटरने. वेळात सांगायचं तर सात-आठ मिनिटं विरुद्ध पस्तीस मिनिटं. मग सगळ्यांनी उरुमचीवरूनच जावं, नाही का? पण नाही. कधी कधी पस्तीस मिनिटं लांबची वाट लवकर पोहोचवते. त्याचं कारण म्हणजे या लेखातलं खरं प्रकरण.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक त्यांना जोर देतो, आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं त्यांना पूर्वेकडे वळवतं. फरक जितका मोठा तितका वारा जोरदार. म्हणून हिवाळ्यात ते सगळ्यात बलवान असतात. आणि जगात ते सर्वांत बलवान कुठे असतात? जपानच्या आसपास. आशियावर हिवाळ्यात असे दोन पट्टे असतात, एक हिमालयाच्या दक्षिणेकडून येणारा आणि एक उत्तरेकडचा. तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी ओलांडून पूर्व आशियात आल्यावर ते एकमेकांजवळ सरकतात, आणि जपानवर वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

हे वारे नीट मोजून नोंदवणारा पहिला माणूसही जपानीच होता, यात आश्चर्य नाही. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढत असत. हिवाळ्यात हे फुगे वर गेले की सुसाट पूर्वेकडे पळत. जगाला कळावं म्हणून ओइशींनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. परिणाम उलटाच झाला. एस्पेरांतो वाचणारे हवामानशास्त्रज्ञ मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अहवाल पडून राहिला.

१९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली, तेव्हा वैमानिकांना हा वारा प्रत्यक्षच भेटला. वाऱ्यासोबत आलं तर विमान लक्ष्यावरून इतक्या वेगाने निघून जायचं की बॉम्ब भलतीकडेच पडायचे. वाऱ्याविरुद्ध आलं तर जवळजवळ जागीच उभं राहिल्यासारखं. जपानला मात्र हा वारा माहीत होता. त्याच हिवाळ्यात त्यांनी स्फोटकं बांधलेले सुमारे ९,३०० कागदी फुगे या वाऱ्यावर सोडून दिले, पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पडावेत म्हणून. तीन-चार दिवसांत समुद्र पार होई. तिकडे सापडले ते तीनशेच्या आसपास.

प्रवासी विमानांनी या वाऱ्याचा जाणूनबुजून वापर केला तो नोव्हेंबर १९५२ मध्ये. पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं एक विमान टोकियोहून हवाईतल्या होनोलुलूला निघालं आणि साडेसात किलोमीटर उंचीवर चढून वाऱ्यात शिरलं. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. आज जगातल्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा आराखडा त्याच दिवशीच्या वाऱ्याच्या अंदाजावर बेततात. उड्डाणाची आखणी करणाऱ्या फ्लाइट डिस्पॅचरचं संगणक प्रोग्रॅम डझनभर वाटांवर उड्डाण करून पाहतं आणि सर्वांत कमी वेळाची किंवा कमी इंधनाची वाट निवडतं. टोकियोला जाताना वाऱ्याच्या पट्ट्यात शिरायचं, परतताना त्याला चुकवायचं. म्हणूनच एकाच दिवशी जाणारं आणि येणारं विमान चक्क शेकडो किलोमीटर दूरच्या वेगवेगळ्या मार्गांनी जाऊ शकतात.

आता आकडे घालून पाहू. वळशांसकट मार्ग ८,२०० किलोमीटर धरा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि पूर्ण वाटेवर सरासरी १०० किलोमीटर वेगाचा पश्चिमी वारा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग १,०००. लागतात ८ तास १२ मिनिटं. येताना वेग ८००. लागतात १० तास १५ मिनिटं. दोन तासांहून अधिक फरक, आणि विमानाचं इंजिन दोन्ही वेळा सारखंच चाललं. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर उलट्या दिशेने चालून बघा, तसंच हे.

इथे एक बारीक मेख आहे. लोकांना वाटतं, जाताना जेवढं कमावलं तेवढंच येताना गमावलं, फिटंफाट. पण वारा नसता तर दोन्ही बाजूंचे मिळून १८ तास १३ मिनिटं लागली असती. वाऱ्यासह लागली १८ तास २७ मिनिटं. चौदा मिनिटं गेली कुठे? उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तो आपल्याला जास्त वेळ अडवतो. साथ देणारा वारा भेटतो तो मात्र थोडाच वेळ. जाऊन-येऊन हिशेब केला तर वारा नेहमी थोडाफार तोट्याचाच.

सीटसमोरच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसतं. जपानजवळ येताना कधी 'वेग: १,१०० किमी/तास' असं काही झळकतं, आणि एखादा हुशार सहप्रवासी म्हणतो, अरे, हे तर ध्वनीपेक्षा वेगवान झालं! त्या उंचीवर उणे ५५ अंशांच्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे शंका अगदी रास्त. पण पडद्यावरचा वेग जमिनीच्या तुलनेत असतो. विमानाला त्याचं देणंघेणं नाही. त्याच्या पंखांना समजतो तो भोवतीच्या हवेतला वेग, आणि तो ध्वनीच्या ८५ टक्क्यांवरच आहे. भोवतीची हवाच मुळी ताशी दोनशेने पूर्वेकडे चाललीय.

अजून एक गैरसमज इथेच खोडून टाकू, कारण तो फार चिवट आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे टोकियोहून पश्चिमेला जाताना दुबई आपल्याकडे सरकत येत असणार, मग परतीचा प्रवास लवकर व्हायला हवा, असं कुणी तरी छातीठोकपणे सांगतं. तसं होत नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही आधीपासूनच त्या वेगाने फिरत असतं. उडी मारली म्हणून आपल्या पायाखालून जमीन निघून जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण वाऱ्याच्या मार्फत, आणि नेमका उलट दिशेने.

आता तिकीट वाचू. समजा दुबईहून सुटण्याची वेळ ०२:४० आहे आणि टोकियोला पोहोचण्याची १७:३५. घाईत वजाबाकी करणारा म्हणेल, जवळपास पंधरा तास! पण दोन्ही वेळा स्थानिक असतात, हा तिकिटाचा नियम. दुबई जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास पुढे, टोकियो नऊ तास पुढे, म्हणजे टोकियोचं घड्याळ दुबईपेक्षा पाच तास पुढे. चौदा तास पंचावन्न मिनिटांतून पाच तास वजा: ९ तास ५५ मिनिटं. परत येताना टोकियोहून २२:३०, दुबईला दुसऱ्या दिवशी पहाटे ०४:४५. इथे घड्याळ सव्वासहा तास म्हणतं, त्यात पाच मिळवायचे: ११ तास १५ मिनिटं. पूर्वेकडे जाताना वजा, पश्चिमेकडे येताना अधिक. दुबई आणि टोकियो दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे पाच तासांचा फरक वर्षभर कायम राहतो. लेबनॉन किंवा इस्रायलहून निघणाऱ्यांना ही चैन नाही.

वाटेत तर घड्याळांचा नुसता खेळ आहे. अफगाणिस्तान साडेचार तास पुढे, आणि त्याला चिकटलेला चीन आठ तास पुढे, कारण एवढ्या अवाढव्य देशात घड्याळ एकच, बीजिंगचं. वाखानच्या चिंचोळ्या पट्टीतून चीनमध्ये पाऊल टाकलं की घड्याळ एकदम साडेतीन तास पुढे करावं लागतं. जगातल्या कुठल्याच जमिनीवरच्या सीमेवर याहून मोठी उडी नाही.

आपल्या गणितात जाताना सव्वाआठ तास आले आणि तिकिटावर दहा. उरलेले पावणेदोन तास कुठले? तिकिटावरची वेळ विमान फाटकापासून हललं की सुरू होते आणि दुसऱ्या फाटकाला लागलं की थांबते. म्हणजे धावपट्टीपर्यंतची जमिनीवरची रखडपट्टी त्यात येते. वर चढताना आणि खाली उतरताना वेग ९०० नसतो. टोकियोसारख्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याआधी रांगेत फिरावंही लागतं. आणि कंपन्या थोडा वेळ मुद्दाम जास्त धरतात. उशीर झाला तर तो हिशेबात दिसू नये, ही त्यामागची साधी इच्छा. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर आलं असं जगभर धरतात. त्यामुळे पाठीशी चांगला वारा मिळाला की वैमानिक अर्धा तास आधी पोहोचल्याची घोषणा अभिमानाने करतो. त्यातला काही वेळ त्याने वाचवलेला असतो, काही कंपनीने आधीच लपवून ठेवलेला.

शिवाय वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. उन्हाळ्यात वाऱ्याचा पट्टा तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि मंदावतो. मग जायला थोडा जास्त आणि यायला थोडा कमी वेळ लागतो. त्यामुळे जुलैत प्रवास करून आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ जानेवारीत धरून चालू नका. दुबईहून पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, तर हिवाळ्यातल्या परतीला मधला वेळ सढळ हाताने ठेवा, कारण अंदाजापेक्षा जोरदार वारा लागला की उशीर होतो तो याच दिशेला.

हे सगळं प्रत्येक जोडीला लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. सिंगापूर ते टोकियो घ्या, अंतर ५,३०० किलोमीटर. तिथे जाता-येतानाच्या वेळांत एवढी तफावत नसते. तो मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे. वारा बाजूने लागतो आणि जोरदार पट्टा फक्त जपानजवळच्या शेवटच्या टप्प्यात भेटतो. वाटेत समुद्रच जास्त, म्हणून परवानग्यांची कटकटही कमी. कुठल्याही दोन शहरांसाठी अंदाज बांधायचा तर आधी त्यांचे रेखांश बघा. अंतर मुख्यतः पूर्व-पश्चिम असेल आणि वाट २५ ते ४५ अक्षांशांमधून जात असेल, तर जाण्या-येण्यात फरक मोठा. उलट टोक म्हणजे हेलसिंकी-टोकियो. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांच्या घरात गेला. तिथे वाऱ्याचा काही दोष नव्हता.

तिकीट शोधताना अ‍ॅपवर दिसणारा 'एकूण वेळ' आणि उड्डाणाचा वेळ यांची गल्लत करू नका. थेट विमान नसेल तर एकूण वेळेत मधल्या विमानतळावर बसून काढलेले तासही धरलेले असतात, आणि स्वस्त तिकिटांत तेच सगळ्यात जास्त असतात. घरापासून हॉटेलपर्यंतचा वेळ तर कुठेच लिहिलेला नसतो. निघण्याआधीचे तीन तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून तासभर. आणि तिकिटावर टोकियो लिहिलंय म्हणून थांबू नका, विमानतळाचं नाव बघा: हानेदाहून शहराच्या मध्यभागी पोहोचायला अर्धा तास पुरतो, नारिताहून गाडीने जवळपास तासभर लागतो.